कळल्या दिवसापासून

ता. १२ जून १९१६, सोमवार

आजही चुकले! बाईंनी वर्गात विचारलं, ‘शोध आणि तपास यांत फरक काय?’ मला येत होतं, तरी जीभ उचलेना. हरवलेल्या गाईचा शोध घेतात. ती कुणी नेली त्याचा तपास करतात. घरी येताना वाटेत तीनदा पुटपुटले. आता काय उपयोग!

मास्तरणीच्या परीक्षेसाठी बाईंनी एकेकीला टिपण लिहायला दिलं आहे. माझ्या वाट्याला आले माहिती काढण्याचे शब्द. प्रत्येकाचं एक वाक्य हवं. ‘पुस्तकातलं नको, राजमती. तुझं, आणि खरं असलेलं.’

खरं असलेलं – म्हणजे रात्रभर झोप नाही.

ता. १३ जून

विचारपूस आजाऱ्याची. चौकशी चोराची, नाहीतर स्थळाची. एवढंच जमलं.

ता. १५ जून

शेजारच्या विठामावशींसाठी पलटणीच्या कचेरीला पुन्हा अर्ज लिहिला. हा तिसरा. त्यांचा मुलगा पिराजी मराठा पलटणीत, बसऱ्याच्या मुलखात लढाईवर. वैशाखात तिकडचं कूत शहर तुर्कांनी घेतल्याची बातमी आली. आपली माणसं तिथे वेढ्यात होती. तेव्हापासून पिराजीचं पत्र नाही, निरोप नाही.

‘चांगलं ठसठशीत लिव्ह की. त्या सायबाला ऐकू कमी येत असंल,’ मावशी म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. सून बाळाबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. ती हसली नाही. सतरा वर्षांची आहे. लग्नानंतर दोन महिने नवरा पाहिला.

अर्जात ‘चौकशी व्हावी’ लिहिलं – खोडलं. पिराजी काय चोर आहे! ‘शोध घ्यावा’ लिहिलं, तेही खोडलं. मावशींच्या देखत तो शब्द नको वाटला. शेवटी ‘ठावठिकाणा कळवावा’. कागद तिसऱ्यांदा नवा घ्यावा लागला.

ता. २० जून

कानोसा आपण घेतो. चाहूल आपल्याला लागते. हे बाईंना आवडेल.

ता. २७ जून, मंगळवार

जमेल तसं लिहिते.

दुपारी शाळेतून आले तर मावशींच्या दारात बायकांची गर्दी, आत आकांत. पिराजीचं पत्र आलं होतं – आणि त्याचा कोपरा फाटलेला! आमच्या पेठेत ज्यांना अक्षर येत नाही, त्यांना एवढं एकच वाचता येतं. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मयताची खबर. ते उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. पत्र पायरीवर पडलं होतं. टपालवाला गौस भिंतीला टेकून उभा – ‘मी कायबी केलं न्हाय ओ ताई, थैलीतनंच असं निघालं.’

आत कुणीतरी बाळाबाईचा हात दगडावर आपटत होतं. उजव्या हातातल्या बांगड्या फुटल्या होत्या. डावा तिने पोटाशी घट्ट धरला होता.

मी पत्र उचललं. कोपरा फाडलेला नव्हता, कुरतडलेला होता. उंदराचे दात स्वच्छ दिसत होते! मी ओरडले. मला ओरडता येतं हे आजवर ठाऊक नव्हतं. ‘थांबा! वर श्री आहे!’ मयताच्या पत्रावर श्री घालत नाहीत.

मग सगळ्यांसमोर वाचलं. ‘मी खुशाल आहे. आईने काळजी करू नये. थंडी फार आहे. लिहिणाऱ्या हवालदाराचा नमस्कार.’ मावशींनी पत्र माझ्या हातातून ओढून कपाळाला लावलं. ‘माझा वाघ हाय! हाय की गं माझा वाघ!’ गौसला गूळ दिला, मला दिला, ज्या बाईने बांगड्या फोडल्या तिलाही दिला – ‘खा भवाने, तुझ्या तोंडात गूळ पडू दे.’ नव्या बांगड्या भरायला कासाराला बोलावणं गेलं.

पत्र वाचताना मी नेहमी आधी तारीख वाचते. आज वाचली नाही.

ता. २८ जून

चौदा नोव्हेंबर.

म्हणजे वेढा पडण्याच्याही आधीचं. सात महिने कुठे कुठे पडून आलेलं. थंडी फार आहे, असं ज्येष्ठात कोण लिहील? कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. वाचतानाच आलं होतं.

ता. ३० जून

आईला, अव्वाला, सांगितलं. ती शेवया वळत होती. म्हणाली, ‘तुला कुणी इचारलंय?’

‘नाही.’

‘मग गप बस. बाईमानसाच्या कपाळाशी खेळू नको.’

पण मी जे वाचलं नाही, तेही खोटंच ना? आम्हा जैनांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

आणखी एक. परमुलखात कुणी वारलं, तर सुतक वारल्या दिवसापासून धरत नाहीत. कळल्या दिवसापासून धरतात. मी नऊ वर्षांची असताना गडहिंग्लजहून सासरचं पत्र आलं. लिहिणारा कोपरा फाडायला विसरला. वडिलांना, अण्णांना, वाचता येत नव्हतं, घरात कुणालाच येत नव्हतं. तीन दिवस पत्र भिंतीतल्या दिवळीत होतं. ते तीन दिवस मी सागरगोटे खेळले, हातभर बांगड्या वाजवत. चौथ्या दिवशी वाचणारा मिळाला, आणि माझ्याही बांगड्या फुटल्या. म्हणून तर अण्णांनी मला शाळेत घातलं – घरात एक तरी वाचणारं असावं.

ते तीन दिवस मी कोण होते, हे मला अजून उमगलेलं नाही. उमगणे – याला वाक्य मिळालं. बाईंना हे देणार नाही.

ता. ४ जुलै

सांगितलं.

आडावर दोघीच होतो. तारखेचं सगळं सांगितलं, महिने बोटांवर मोजून दाखवले. बाळाबाई कळशी ओढता ओढता थांबली. दोर हातातच. हिरव्या नव्या बांगड्या.

‘मग त्ये हाईत का न्हाईत?’

‘ते मला माहीत नाही.’

तिने कळशी वर ओढून काठावर ठेवली. ‘मग तुमी मला काय सांगितलासा, ताई? काईच न्हाय की.’ कळशी उचलली. ‘मी जातो. आत्ती वाट बघत असतील,’ म्हणत ती सासूकडे निघाली.

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. माझं ओझं तिच्या डोक्यावर दिलं, एवढंच झालं. आणि तेही तिने न मागता.

ता. ७ जुलै

बाईंनी टिपण परत दिलं. ‘छान. पण कळणे याच्यापुढे वाक्य का नाही?’

म्हटलं, राहून गेलं.

ता. १९ जुलै, बुधवार

सकाळी सूप परत द्यायला गेले. मावशी देवळात होत्या. बाळाबाई चुलीपुढे, हातात पलटणीच्या कचेरीचा लखोटा – माझ्या अर्जाचं उत्तर. फोडलेला नव्हता. मी हात पुढे केला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि लखोटा तसाच चुलीत सारला. लाखेची मोहोर वितळेपर्यंत आम्ही दोघी बसून होतो.

संध्याकाळी मावशी दारात आल्या. ‘सरकारचा कागूद आला म्हनं. गौस म्हनत हुता. काय लिवलंय?’ मागे बाळाबाई उभी होती.

मी म्हणाले, ‘अजून काही ठाव नाही म्हणतात. तपास चालू आहे.’

‘मंजे हुडकत्यात.’

‘होय मावशी,’ मी म्हणाले. ‘हुडकतायत.’