गाळलेल्या ओळी

सेलू,
दि. १२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

नलूताई,

उज्वलाचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. मामाजींची, म्हणजे तुमच्या अण्णाजींची, साखर परवा तपासली, उपाशीपोटी एकशे अठ्ठावीस आली. डॉक्टर म्हणाले, या वयात झकास आहे. थंडी सरली, दुपारी अंगणात बसवत नाही. शेजारच्या शोभाबाईंच्या वांग्याला यंदा भाव नाही, म्हणून रोज एक टोपली आमच्याच ओट्यावर येते. तुमच्याकडे नाशिकला अजून गारठा असेल. तब्येतीला जपा.

तब्येतीला जपा हे मी किती सहज लिहिलं. ते खोडणार होते, पण आता या पत्रातलं काहीच खोडायचं नाही असं ठरवलं आहे.

आधी एक साधी बातमी सांगते. मी इथल्या कम्प्युटर क्लासमध्ये शिकवते हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या सोमवारपासून माझं वर्धेला आठ दिवसांचं प्रशिक्षण होतं. सकाळच्या बसनं जायचं, दिवे लागायच्या वेळी परत. मामाजींचं जेवण शोभाबाई वाढणार होत्या. पण त्यांना दिवसभर वाचून कोण दाखवणार? काचबिंदूनं नजर गेल्यापासून सहा वर्षं पेपर, पुस्तक, तुमची पत्रं, सगळं मीच वाचत आले. मग मी घरच्या कम्प्युटरवर बोलणारा प्रोग्राम टाकला. तो मराठी वाचतो. पण फाईलवर क्लिक केलं की ती आपली नेहमीच्या लिहायच्या प्रोग्राममध्ये उघडते, आणि तो मुका. मामाजींनी माऊस कुठे फिरवायचा? म्हणून एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहिली. आधी बोलणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता, मग फाईलचं नाव, दोन्ही अवतरणचिन्हांत, कारण नावात मोकळी जागा असली की आज्ञा मधेच तुटते. एक फाईल बंद झाली की पुढची उघडायची. ही स्क्रिप्ट कीबोर्डच्या एका कळीवर बसवली, दोनदा दाबली की तीच फाईल पुन्हा लागावी अशी, आणि त्या कळीवर माझी टिकली चिकटवली, बोटाला लागावी म्हणून.

प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी, रविवारी, मामाजींनी पहिल्यांदा ती कळ दाबली. पेपरची फाईल उघडली आणि त्या प्रोग्राममधली बाई बोलायला लागली. लहान मुलासारखे हसले ते. म्हणाले, "वा! आता तुले घडीघडी बोलवा लागत नाई, उज्वला."

मला ते लागलं, ताई. मीच केलेल्या सोयीचं मलाच वाईट वाटलं. पुढचं समजायला हे सांगणं गरजेचं आहे.

स्क्रिप्ट लिहिताना माझ्या हातून एक चूक झाली. क्लासच्या कामासाठी लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्टमधली एक ओळ मी जशीच्या तशी उचलली होती. ती ओळ सांगते, या फोल्डरमधल्या फाईली उघड, आणि याच्या पोटात जे फोल्डर असतील त्यांतल्याही उघड. मामाजींच्या फोल्डरच्या पोटात तुमच्या पत्रांचा फोल्डर आहे. तुम्ही पाठवलेली प्रत्येक फाईल मी तिथे तारखेनं ठेवली आहे. कोणाला वाटेल, मनातून मलाच हे उघड व्हायला हवं असेल. तसं नव्हतं. लक्षात आलं असतं तर मी ती ओळ काढली असती.

गुरुवारी संध्याकाळी बसमधून उतरून घरी आले तर फाटकापाशीच मशीनचा आवाज ऐकू आला. शोभाबाई पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या, पण हात थांबलेले. मामाजी खुर्चीत ताठ. आणि ती बाई, ना वर ना खाली, एकाच सुरात वाचत होती: "ऑपरेशन एकोणीस तारखेला आहे. अण्णाजी, तुम्ही याल का? काही करायचं नाही, नुसतं बाहेर बसायचं. तुम्ही बाहेर बसलेले आहात हे कळलं तरी मला पुरे."

शोभाबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "नलूचं ऑपरेशन झालतं? आमाले काऊन नाई सांगतलं व उज्वला?"

मी चपला काढत राहिले. एका चपलेचा पट्टा सोडायला मला किती वेळ लागला असेल! मामाजींनी टिकली चाचपली आणि कळ दाबली. पुढचं पत्र सुरू झालं. शोभाबाई मेथी पदरात घेऊन निघून गेल्या.

ताई, तुमचं ते पत्र सप्टेंबर दोन हजार तेवीसचं. ते मी त्याच दिवशी मामाजींना वाचून दाखवलं होतं. तुमच्या ऑफिसातल्या नकाशांचं वाचलं, शेजारच्या मांजरीचं वाचलं. गाठीचं आणि ऑपरेशनचं गाळलं. त्या जागी म्हटलं, तब्येत बरी आहे.

तेच एक पत्र नव्हे. त्याआधीच्या चार पत्रांत तुम्ही लिहिलं होतं, "दोन खोल्या आहेत, एक तुमचीच आहे, इकडे या, माझ्यापाशी राहा." चारही वेळा मी तेवढ्या ओळी सोडून पुढे गेले. वाचता वाचता डोळे पुढच्या ओळीवर न्यायचे आणि आवाज तसाच ठेवायचा, याची मला सवय झाली होती. पहिल्या वेळी मधेच पाणी प्यायला उठले. चौथ्या वेळी उठावंही लागलं नाही.

मामाजी उत्तर सांगायचे, मी टाइप करायची. त्यांच्या उत्तरात तुमच्या बोलावण्याबद्दल काही नसायचं, कारण त्यांच्यापर्यंत ते पोचलेलंच नव्हतं. तुम्हाला काय वाटत असेल ते मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

काऊन केलं, असं मामाजींनी त्या रात्री जेवताना एकदाच विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही गेले असते तर मी या घरात कोण?" तुमचा भाऊ नयन जाऊन पाच वर्षं झाली. मूल नाही. मामाजी नाशिकला गेले तर या घराशी सून म्हणून माझं नातं काय उरणार? हिंगणघाटला भावाकडे जाऊन त्याच्या बायकोच्या स्वयंपाकघरात उभं राहायचं? मामाजी माझ्यावाचून अडलेले असले की मी कोणीतरी होते. हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मले विचाराचं तरी. मी तुले टाकून गेलो असतो का, पोरी?" ताट अर्धं ठेवून उठले. भिंतीला हात लावत खोलीत गेले. रोज मी हात धरते, त्या दिवशी धरू दिला नाही.

अजून दोन गोष्टी आहेत. त्या लिहिणं मी काल आणि परवा, दोन दिवस टाळलं.

ऑपरेशनला तीन दिवस उरले होते तेव्हा तुमचा फोन आला होता. मामाजी झोपले होते. फोनवर तुमचा शब्द अडतो, म्हणून तुम्ही फोन करत नाही, जे असेल ते लिहिता, हे मला नयननं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. लहानपणी तुम्ही अडखळलात की मामाजी शाळेतल्यासारखे ओरडायचे, "पुन्हा बोल, सरळ बोल!", हेही सांगितलं होतं. एवढं सगळं माहीत असून मी मामाजींना उठवलं नाही, फोन स्वतःच घेतला. तुम्ही विचारलंत, पत्र वाचून अण्णाजी काही बोलले का. तेवढं एक वाक्य पुरं करायला तुम्हाला किती कष्ट पडले ते मी कानानं ऐकलं. आणि म्हटलं, "नाही ताई, काही नाही बोलले."

ते खोटं नव्हतं असं मी स्वतःला जवळजवळ दीड वर्ष समजावलं. जे ऐकलंच नाही त्यावर माणूस काय बोलणार? पण त्याच्याएवढं मोठं खोटं मी जन्मात बोलले नाही.

तुम्ही एकट्या गेलात, एकट्या परत आलात. त्यानंतर तुमची पत्रं तीन-तीन ओळींची झाली आणि तुम्ही इकडे आल्या नाहीत.

दुसरी गोष्ट लहान आहे, पण तिचीच मला जास्त लाज वाटते. मी नुसतं गाळत नव्हते. मी भर घालत होते. तुमच्या पत्राच्या शेवटी मी आपल्या मनानं वाचायची, "उज्वला आहे म्हणून मला तुमची काळजी नाही, अण्णाजी." एकदा वाचलं, "अशी वहिनी नशिबानं मिळते." मामाजी मान डोलवायचे. मला बरं वाटायचं. तुमच्या तोंडचं कौतुक मीच माझ्या तोंडानं करून घेत होते. गुरुवारी मशीननं सगळी पत्रं वाचली, त्यात असं एकही वाक्य नव्हतं. मामाजी ते शोधत होते का, मला माहीत नाही. एकदा मात्र पत्र संपल्यावर त्यांनी तेच पत्र पुन्हा लावलं.

शुक्रवारी मी म्हटलं, मी ताईंना पत्र लिहिते, तुम्हाला वाचून दाखवते, मग पाठवते. ते म्हणाले, "लिही. पण तू वाचू नको. मशीनले वाचू दे."

तसंच करणार आहे. म्हणून हे हातानं न लिहिता टाइप करते आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी.

कालचं इथवरचं मामाजींनी आज सकाळी ऐकलं. मी स्वयंपाकघरात होते. माझेच शब्द त्या बाईच्या तोंडून ऐकताना कणीक मळणं काही जमेना. संपल्यावर त्यांनी हाक मारली. म्हणाले, "एक गोष्ट यात राह्यली. ती माह्या नावानं लिही." ते बोलले तसं लिहिते:

"नलू, उज्वला ज्या ओळी तुह्या नावानं वाचे, त्या तुह्या नाई हे मले पहिल्याच वेळी समजलं होतं. चाळीस वर्षं पोरांचे निबंध तपासले, पोरीचं मराठी ओळखू येत नाई का? तू कोणाचं कौतुक असं उघडं करत नाई. पण एकट्या बाईनं स्वतःसाठी दोन शब्द घालून घेतले तर काय बिघडलं, असं म्हणून मी गप्प राह्यलो. भर घालते ते समजलं, गाळते ते नाई समजलं. तेव्हाच विचारलं असतं, तर त्या दिवशी मी दवाखान्याच्या बाहेर बसलो असतो. तुह्या लहानपणीही मी ऐकून घ्यायच्या आधी बोललो, आता बोलाचं तेव्हा बोललो नाई. हे उज्वलाच्या माथी मारून मी मोकळा होत नाई."

एवढं सांगून त्यांनी मला समोर बसायला सांगितलं. मी बसले. मग त्यांनी विचारलं, "नाशिकची गाडी वर्धेहून किती वाजता असते?"

येत्या बुधवारचं तिकीट काढलं आहे. किती दिवसांसाठी ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा कम्प्युटर पाठोपाठ पार्सलनं पाठवते. स्क्रिप्टमधली ती पोटातल्या फोल्डरांची ओळ मी काढलेली नाही. तुम्ही पाठवलेलं काहीही त्यांच्यापर्यंत माझ्याशिवाय पोचावं.

एवढ्या लांब त्यांना एकटं सोडता येत नाही, म्हणून सोबत मी येईन. फलाटावर त्यांचा हात तुमच्या हातात देईन आणि परतीच्या गाडीनं निघेन. मला घरी बोलवायचा विचार करू नका, संकोचही वाटून घेऊ नका. तुम्ही काही बोललात तर ऐकेन, कितीही वेळ लागला तरी पूर्ण ऐकेन. नाही बोललात तरी समजेन.

माफी मागण्याइतकीही माझी जागा उरली आहे की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून मागत नाही. जे केलं ते सगळं वर लिहिलं आहे, त्यातलं काही गाळलं नाही.

तुमच्या भावाची बायको,
उज्वला