पासष्ट प्रश्न आणि रोजचा अर्धा तास

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. नियमित. मुख्याध्यापिका बाईंनी सर्व्हेचं काम माझ्या गळ्यात घातलं. विषय : शाळेतल्या यशावर घराचा आणि संगतीचा परिणाम. माझ्याच नववीच्या वर्गात घ्यायचा. मीटिंगमध्ये बाकीचे शिक्षक एकाएकी वह्या तपासायला लागले म्हणून नव्हे, माझी योग्यता बघूनच मला निवडलं.

लेक याच वर्गात. सहामाहीला गणितात नापास, चाचणीत परत नापास. पाच मार्चच्या वार्षिक परीक्षेतही गेली तर वर्ष वाया. बायको म्हणाली, जगाच्या पोरांना गणित शिकवता आणि घरात दिव्याखाली अंधार, रोज अर्धा तास तिच्याशेजारी बसा. बसणार. उद्यापासून.

४ फेब्रुवारी
बसलो नाही. प्रश्नावली काढत होतो. दहा प्रश्न ठरवले होते, चौसष्ट झाले. डोकं चालायला लागलं की असं होतं.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
प्रश्न सतरा : घरी अभ्यासाला तुमच्याशेजारी कोण बसतं, किती वेळ? हा लिहीत असतानाच लेक वही घेऊन आली. म्हटलं, थांब जरा, महत्त्वाचं काम चाललंय. थोड्या वेळाने मान वर केली तर गायब. हल्लीच्या मुलांत चिकाटी म्हणून नाही. चिकाटीवर एक प्रश्न वाढवला. पासष्ट.

१२ फेब्रुवारी
सर्व्हे घेतला. एकदम परीक्षेसारखा, घंटा वगैरे देऊन. फॉर्मवर नाव लिहायचं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, सर, याला मार्क आहेत का? म्हटलं, आयुष्यात प्रत्येक गोष्टीला मार्क असतात. वर्ग एकदम गंभीर झाला. मग मी खुर्चीत बसून डोळे मिटून निरीक्षण केलं. घंटेने जाग आली.

१५ फेब्रुवारी
निकाल थक्क करणारा! एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस मुलांचे वडील रोज अर्धा तास शेजारी बसतात. म्हणजे मीसुद्धा. बायकोला लगेच दाखवलं. तिने भांडी जरा जोरात ठेवली.

वडिलांचा व्यवसाय : दातांचे डॉक्टर, एक्केचाळीस. इथे थोडा अडखळलो. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचे वडील दातांचे डॉक्टर आहेत हे ठाऊक होतं. बाकीच्या चाळिसांचं लक्षातच आलं नव्हतं. शिक्षकाने वर्गाची माहिती ठेवायला हवी.

१७ फेब्रुवारी
चाळीस जणांनी त्या मुलीचा फॉर्म जसाच्या तसा उतरवला! दरडावून विचारलं तर म्हणतात, मार्क आहेत असं तुम्हीच म्हणालात. तळपायाची आग मस्तकात गेली. मग चहा घेताना सुचलं, अरे, हाच तर संगतीचा परिणाम! शंभर टक्के सिद्ध. रिपोर्ट सुरू. लेकीचं रिपोर्टनंतर.

२१ फेब्रुवारी
बसलो नाही. मान आखडली आहे.

२५ फेब्रुवारी
बाईंनी रिपोर्ट चाळला आणि विचारलं, सर, तुम्ही दमलाय का? कौतुकच म्हणायचं. शिवाय, सर्व्हे पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी देऊ म्हणाल्या. मोठ्या कामाला दोन माणसं लागतातच.

हिशोब केला. बावीस अर्धे तास बुडाले, म्हणजे अकरा तास. एका रविवारी सलग बसलं की फिटले. काळजीचं कारण नाही.

२ मार्च, रविवार
झोप लागली. सरळ संध्याकाळच झाली.

४ मार्च, संध्याकाळी पाच
उद्या गणित. आज मात्र सगळं बाजूला सारून बसलो. लेकीची वही उघडली. चौथ्या धड्यापर्यंत सुवाच्य अक्षर, पुढे नुसत्या तारखा आणि कोरी पानं. म्हणाली, तिथे अडलं, मग पुढचं काहीच कळेना. तिच्या वर्गात ते सगळे धडे मीच शिकवलेत.

म्हणून तिच्यावरच ओरडलो. म्हटलं, बाकीचं जाऊ दे, सतराव्या प्रश्नाचं उत्तर तरी स्वतःच्या मनाने लिहायचंस! ती खाली बघतच म्हणाली, पण बाबा, खरं लिहिलं असतं तर तुमचे मार्क गेले असते.

फार लाज वाटली. समोरचं गणित तीनदा वाचलं, एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. शेवटी तिनेच हळूच वही मिटली. म्हणाली, राहू द्या बाबा, तुम्ही दमला असाल.