बायपास झालाच नव्हता

रविवार, संध्याकाळ. धसई.

डोकं अजून तापलेलंच आहे. पुतणीच्या साखरपुड्याच्या पंगतीत वाढप्यानं तुपाचं भांडं माझ्या पानावरून सरळ पुढं नेलं. म्हणे, "काका, तुमचा बायपास झालाय ना!" कसला बायपास? स्तनाच्या कॅन्सरसाठी माझी डावी छाती कापून काढली. पण दादानं गावभर बायपास सांगितला. बायकांचा आजार कळला तर घरातल्या पोरींची लग्नं अडतील म्हणे. आणि मी? वर्षभर गप्प. शेतातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावून राबलो. कोणाची चोरी केली होती मी?

शेजारच्या पानावर आमच्या आळीतला किसन होता. म्हणाला, "माझ्या पण छातीत गाठ आलीय रे, निपलच्या मागं. दुखत नाय. तुझं हार्टचं होतं म्हणून माणसं धावली. या गाठीला कोण विचारतंय?"

"कधीपासून?"

"भातकापणीपासून."

दादाचा राग आला, त्याहून जास्त माझाच. मी खरं बोललो असतो तर हा तेव्हाच डॉक्टरकडे गेला असता. भर पंगतीत उठलो आणि शर्ट काढला. "बघ. माझी पण अशीच गाठ होती. बायपास नाय, कॅन्सर. पुरुषांना पण होतो."

दादा ओरडला, "लाज हाय का नाय तुला?"

लाज? व्रण सगळ्यांनी पाहिला. कोणाचं काय बिघडलं?

उद्या पहिल्या एस्टीनं किसनला घेऊन मुरबाडला डॉक्टरकडे जायचं, तिथंच ठरलं. मग तसाच उघडाबंब पानावर बसलो आणि वाढप्याला म्हटलं, "आण ते तूप."