पाटावरची नावं

बाबा,

परवा शेजारची मुलगी मोबाईल घेऊन आली आणि माझ्या ओट्याशी उभी राहून एक आकृती दाखवू लागली. वर एक गोल, त्याखाली दोन, त्याखाली चार. "काकू, तुम्हाला काही विकायचं नाहीच आहे," ती म्हणाली, आणि मी गॅस बंद करून खुर्चीत बसले. तिला वाटलं मला नीट समजून घ्यायचंय. मला ते सगळं पाठ आहे. तिला चहा दिला, नाही म्हणून सांगितलं, ती हिरमुसून गेली, आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपल्यातलं एक बोलणं राहून गेलंय. तुम्ही समोर असताना मला ते जमलं नाही. आता ऐकायला तुम्ही नाही, म्हणून बहुतेक जमेल.

कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती ते वर्ष. मी रोह्यात, ह्यांची नोकरी धाटावच्या एका कंपनीत, तीही कंत्राटी, म्हणजे दर सहा महिन्यांनी घरात सगळ्यांनी हळू बोलायचं. पण खोटं कशाला सांगू, मी त्या धंद्यात शिरले ती घरखर्चासाठी नव्हे. ह्यांच्या साहेबांची बायको मला एका हॉलमधल्या सभेला घेऊन गेली. तिथे माझ्यासारखीच एक बाई, साध्या साडीतली, स्टेजवर चढली. माईकवरून तिचं नाव घेतलं आणि सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. माझं नाव तोवर कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातही मला ह्यांच्याच नावाने हाक मारत. मला ते हवं झालं, इतकं की परत येताना रिक्षात मी स्वतःचंच नाव पुटपुटत होते.

धंदा असा होता. आधी एक पेटी विकत घ्यायची. तिच्यात धुण्याची पावडर, साबण, दंतमंजन आणि ताकदीच्या पावडरीचे दोन डबे. पेटी घेतली की तुम्ही सभासद, आणि तुमच्या खाली दोन जागा, एक डावी, एक उजवी. त्यांना तिथे पाय म्हणत. दोन्ही पायांखाली माणसं जोडायची, त्यांनी आपापल्या खाली जोडायची, आणि खाली कुठेही पेटी विकली गेली की तिचे गुण वरपर्यंत चढायचे. पैसे मात्र जोडीचेच मिळत. डावीकडे वीस पेट्या आणि उजवीकडे तीन, तर तीनच जोड्या, उरलेल्या सतरा कंपनी महिनाअखेरीला पुसून टाकायची. कुणी महिन्याच्या आत पेटी कंपनीला परत केली तर तिचे गुणही उतरायचे. साहेबांची बायको माझ्या वर होती आणि तिची जास्तीची माणसं माझ्या डाव्या पायाखाली लावत होती, म्हणून तो आपोआप भरत होता. उजवा मला एकटीला भरायचा होता. ऑगस्टच्या सुरुवातीला डावीकडे अठरा पेट्या होत्या आणि उजवीकडे दोन. महिनाअखेरपर्यंत बारा जोड्या झाल्या तर साडीला लावायची सोनेरी पिन आणि स्टेज. "शंभर नावांची यादी करा," ती म्हणाली. "ज्यांचा तुमच्यावर विश्वास आहे अशांची. विकायचं नाही, फक्त सांगायचं." मी यादी करायला बसले आणि अठ्ठावीस नावांवर अडकले.

तेव्हा मी पेणला आले. तुम्ही कारखान्यात ओळीने बसवलेल्या शाडूच्या मूर्तींना पितांबराचा पिवळा देत होता. मी फरशीवर खडूने गोल काढून तुम्हाला समजावलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून पाहिलंत आणि हसलात. "आमच्याकडं गिऱ्हाईक सोंड डावी का उजवी विचारतं. तुमच्याकडं पाय विचारतात व्हय? आन् तुमचा पण उजवाच कडक." मलाही हसू आलं. मग तुम्ही सगळ्यात खालच्या ओळीतल्या एका गोलावर बोट ठेवलंत.

"ह्याला कोन देतो?"

"तोही जोडेल ना कुणाला, बाबा."

"आन् नाय जोडला तर?"

"तर साबण तरी वापरेल."

तुम्ही ब्रश परत उचललात. "मला नको गो ह्यात," एवढंच म्हणालात. मला तेव्हा तुमचा राग आला होता. हमरापूरच्या मूर्तिकारांनी गाड्या घेतल्या, आपण अजून त्याच पत्र्याच्या शेडमध्ये, असं काहीतरी मी बोलून गेले. तुम्ही पुढची मूर्ती रंगवायला घेतलीत.

जेवायला तुम्ही घरी गेलात आणि मी कारखान्यात एकटी राहिले. भिंतीशी गिऱ्हाइकांचे पाट उभे होते. आपल्याकडे लोक आधी घरचा पाट आणून द्यायचे, आणि त्याच पाटावर बसून त्यांचा गणपती घरी जायचा. तुम्ही कधी आगाऊ रक्कम घेतली नाही. पाट आला की बोलणं झालं. पाठीमागे तुम्ही लाल रंगाने नाव आणि गाव लिहायचात, इतक्या वळणदार अक्षरात की लोक पुढच्या वर्षीही ते पुसत नसत. मी एकेक पाट उलटा केला आणि नाव वहीत उतरवून घेतलं. त्रेसष्ट नावं. सगळी विश्वासातली. हात भराभर चालत होता, तुम्ही यायच्या आत संपवायचं म्हणून.

पुढचे तीन आठवडे मी वडखळ, खारेपाट, पेणच्या आळ्या असं हिंडत होते. रोह्याहून सकाळची एसटी, नागोठण्याला आंबा नदी चढली की तासभर खोळंबा, आणि मांडीवर पेटी. पहिल्या दोन घरांत मला कुणी उभं केलं नाही. तिसऱ्या घरात मी म्हणाले, बाबांनी पाठवलंय. आणि बाई पाटावर बसायला सांगून आत गेली आणि पाणी घेऊन आली. मग मी प्रत्येक ठिकाणी तेच म्हणाले. बाबांनी सांगितलंय, चांगलं आहे, घ्या. चतुर्थीला दोन दिवस राहिले तेव्हा माझ्या उजव्या पायाखाली बरोबर बारा पेट्या होत्या. एकही जास्त नाही.

त्या दिवशी मी तुम्हाला मदत करायला आले होते, निदान असं सांगून. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्ही एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होता. आखणी करताना तुम्ही बोलत नसा आणि तुमच्याशी कुणी बोलत नसे, हे सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक. तेवढ्यात खारेपाटातल्या त्या आजी दारात आल्या, ज्यांनी घरात मखरासाठी ठेवलेल्या पैशांतून माझी पेटी घेतली होती. डोक्यावर तीच पेटी. मी पुढे होऊन म्हणाले, आजी, आपण बाहेर बोलू. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दादा," त्या म्हणाल्या, "तुमी सांगितलंत म्हून घेतली मी. दोन मान्सं आन, असं बोलली ही. भावाकडं गेले तर भावजय हसली मला. ही पेटी मी कंपनीला परत करते. पन आदी मला सांगा, तुमी खरंच बोललेलात काय?"

तुम्ही एक डोळा पुरा केला होता. दुसऱ्याची वरची रेघ ओढायची होती. तुमचा हात थांबला नाही. चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती, त्यांतल्या दोघांकडे माझी पेटी होती आणि त्यांनीही माना वळवल्या. मी तुमच्या पाठीकडे बघत होते. तुम्ही नाही म्हणालात तर मी सगळ्या पेणमध्ये खोटी पडणार होते. हो म्हणालात तर तुम्ही. ती रेघ संपायला किती वेळ लागला असेल? मिनिटभरच. तुम्ही रेघ पुरी केलीत, बुबुळ भरलंत, ब्रश पाण्यात ठेवलात आणि वळलात.

"व्हय," तुम्ही म्हणालात. "मीच सांगितलं. चुकलं माझं. ती पेटी इथं ठेवून जा आजी, मी घेतो. तुमचे पैसे मूर्तीत धरा. आन् आनखी कोनाची असंल तर त्यांना पन सांगा, इथं आनून द्या."

आजींनी पेटी उतरवली. त्या समाधानाने गेल्या असं मला म्हणवत नाही. जाताना तुमच्याकडे एकदा पाहिलं, आपल्या माणसाने फसवल्यावर बघतात तसं. ती नजर माझ्या वाटणीची होती. त्या वर्षी तुम्ही सात पेट्या घेतल्यात आणि सात गणपती फुकट दिलेत. पुढच्या श्रावणात भिंतीशी पाट कमी होते. मी मोजले नाहीत, पण भिंत दिसत होती.

संध्याकाळी मला एसटीत बसवायला आलात तेव्हा तुम्ही एकदाच बोललात. "पाटावरचं नाव मी एकाच कामासाठी लिवतो गो." गाडी आली. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत हा विषय आपल्यात निघाला नाही. आई मात्र कित्येक महिने त्या पावडरीने धुणं धूत होती, आणि फेस बरा येतो असंही एकदा म्हणाली.

हे कुणाला दाखवायचं नाही, पाठवायचा तर प्रश्नच नाही. फक्त एक लिहून ठेवते. तुम्ही आजींना ते बोललात तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तुम्ही ते पाहिलंत. ते लाजेचं आहे असं तुम्हाला वाटलं असणार, म्हणूनच तुम्ही मला पुढे काही विचारलं नाहीत. तसं नव्हतं, बाबा. पेटी तुम्ही ठेवून घेतलीत, म्हणजे ती कंपनीत परत जाणार नव्हती, आणि माझ्या बारा जोड्या टिकणार होत्या. मला हायसं वाटलं होतं. महिनाअखेरीला माईकवरून माझं नाव घेतलं, मी स्टेजवर गेले, सगळे उभे राहिले. लाज तेव्हाही आली नव्हती.