टाकून दिलेल्या पेशी

४ जून
धाकटा काल पळता पळता कोसळला. शाळेच्या मैदानावर, चिमणीला पळायला शिकवताना. शुद्धीवर आल्यावर माझ्या या भावानं आधी काय विचारलं, तर "चिमणी रडली का?" मी होय म्हणाले. माझी पोर दोन तास रडत होती. मी मात्र रडले नाही, त्याच्यावरच ओरडले.

बाबा असेच गेले. बससाठी धावले, दांड्याला हात लावला आणि तिथेच संपले. तेव्हा धाकटा पाळण्यात होता.  आज आई दिवसभर भांडी घासत बसली होती — घासलेलीच.

११ जून
हृदयाचे डॉक्टर म्हणतात, आलेख स्वच्छ आहे, दोष असलाच तर पेशींच्या आत. आणि पेशींच्या आत डोकावणं हाच तर माझा धंदा! त्यांनी आमच्या सरांना गळ घातली. धाकट्याच्या रक्तातून प्रयोगशाळेत हृदयाच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांची वीज मोजायची. सोबत माझंही रक्त, निरोगी भावंड म्हणून तुलनेला.

सरांची एक अट. डिशवर नाव नाही, फक्त 'अ' आणि 'ब'. कुठलं कोणाचं ते फक्त त्यांनाच ठाऊक. "घरचं माणूस असलं की डोळे हवं तेच बघतात," म्हणाले. मला राग आला. पण माणूस बरोबर बोलतो, काय करणार.

९ डिसेंबर
पेशी तयार झाल्या. भिंगाखाली धडधडताना बघितल्या. यातल्या निम्म्या धाकट्याच्या! त्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "माझं हृदय तुझ्याकडे आहे म्हणजे. सांडू नकोस."

१६ डिसेंबर
मान आखडली. दिवसभर तेच. केसाहून बारीक टोकाची काचेची नळी पेशीला टेकवायची, तोंडानं अलगद हवा ओढायची की ती चिकटते. मग वीज मोजायची. पेशीच्या अंगावर बारीक दारं असतात. विजेचा झटका आला की ती उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, पेशी आकसते. दार वेळेवर मिटलं पाहिजे. नाही मिटलं तर पेशी शांत व्हायच्या आत पुन्हा उसळते. हृदयभर तसं झालं की माणूस खाली.

धावताना अंगात जे अॅड्रेनलिन सुटतं, तेही पेशींवर सोडून बघायचं आहे. एखादी त्यानंतर वेडीवाकडी फडफडायला लागली तर ती बाद. नळीनं दुखावलेली असते, मरायला टेकलेली. पहिल्याच दिवशी शिकवतात हे. लयीत चालणारी घ्या, बाकीच्या सोडा.

१२ जानेवारी
'अ' आणि 'ब' सारखेच. अॅड्रेनलिन घातल्यावरही. दोन्हीकडे दारं वेळेवर मिटतात. डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, मग पळू दे त्याला, हळूहळू सुरुवात कर म्हणावं.

आई आज गाणं गुणगुणत होती. किती वर्षांनी ऐकलं. 

२३ जानेवारी
धाकटा आणि चिमणी रोज सकाळी मैदानावर. मार्चच्या सुरुवातीला तिची शर्यत आहे. दोघं येतात ती घामाघूम, बूट दारातच फेकतात. मी बोंबलते, कोणी ऐकत नाही.

३० जानेवारी
'ब'च्या डिश संपत आल्या.

आज सकाळी तेवढंच लक्षात आलं, आणि मग डिश मोजायला घेतल्या. 'अ'च्या तर कितीतरी शिल्लक आहेत. दोन्हींच्या मोजलेल्या पेशी जवळपास तेवढ्याच. मग 'ब'च्या गेल्या कुठे? मी टाकल्या. अॅड्रेनलिन घातलं की फडफडायच्या. मी म्हणायचे, दुखावली, पुढची घे. माझ्याच हातानं. आजाराच्या पेशी बाजूला काढल्या, उरलेल्या मोजल्या, आणि डॉक्टरांना सांगितलं सगळं ठीक आहे.

तडक फोन लावला. तो मैदानावरच होता. "पळू नकोस. आहेस तिथं बस." — "ताई, तूच म्हणालीस पळ." — "बस म्हणते ना!"

बसला. आवाज ऐकून घाबरला असावा.

३१ जानेवारी
जेवण जात नाही. तो अठरा दिवस पळत होता. काही झालं असतं तर आईला काय तोंड दाखवलं असतं मी?

४ फेब्रुवारी
आज 'ब'ची फडफडणारी पेशी टाकली नाही, मोजली. दार मिटतच नाही. कॅल्शियम आत येतच राहतं. एक झटका, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. दुसरी पेशी घेतली, तिसरी घेतली. तेच.

सरांना दाखवलं.  म्हणाले, ताजी तुकडी वाढवू, सगळं पुन्हा करू, मगच नावं उघडू. बरोबर आहे. पण मला आता नाव कशाला हवंय? कोसळला कोण होता?

९ फेब्रुवारी
धाकटा चिडलाय. "आधी पळ, मग बस. मी काय चावीचं माकड आहे?" बायको माहेरी निघून गेलेल्या माणसासारखं तोंड करून फिरतो. शेवटी तोड निघाली. तो कडेला उभा राहून शिट्टी वाजवेल, चिमणी पळेल. तिला पहिली आणल्याशिवाय सोडणार नाही म्हणतो. मी म्हटलं, आण बाबा. शिट्टी वाजवायला काही होत नाही.

२ मार्च
लिफ्ट बंद होती. जिने चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, कठडा धरून खाली बसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. लहानपणीही व्हायचं असं. आई म्हणायची, उपाशी राहतेस म्हणून.

चिमणीची शर्यत दोन आठवडे पुढे ढकललीये. ती रुसलीये.

१६ मार्च
ताजी तुकडीही झाली. 'अ' स्वच्छ, 'ब' खराब. आता शंकेला जागा नाही. डॉक्टर म्हणतात, छातीत झटका देणारं यंत्र बसवू. धाकट्याला सांगायचं कसं? उद्या सर नावं उघडतील, मग सांगेन. एक दिवस तरी सुखानं जाऊ दे.

१७ मार्च
'अ' धाकटा. 'ब' मी.

सरांनी दोनदा वाचून दाखवलं. धाकट्याला तेव्हा नुसती उन्हाची भोवळ आली असणार. मी उठले, फोन काढला. आज शर्यत होती. धाकट्यानं उचलला. म्हटलं, चिमणीला थांबव. "काय? ऐकू येत नाही — थांब ताई, सुटल्या, सुटल्या!"

पहिली आली. पदक गळ्यात घालूनच जेवली. तिच्यात माझा दोष आहे की नाही अजून माहीत नाही, उद्या रक्त द्यायचं आहे. आता दोघं अंगणात आहेत, त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. धाकटा तिला पळत यायला सांगतोय, मी दाराकडे जाते.