उलटी उमटलेली गंगा

अण्णा, शहरात जुन्या कोरीव नकाशांचं प्रदर्शन भरतंय आणि तिथे तुमचाही नकाशा मागितलाय. होय, तोच, ज्याचं नाव काढलेलं तुम्हाला कधी खपलं नाही. आयोजकांकडची मुलगी उद्या उत्तर न्यायला येणार आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परवानगी तुमचीच घ्यावी असं वाटतं.

भांडीबाजारात दुकानाच्या पायरीवर बसून तुम्ही लोकांच्या ताटवाट्यांवर नावं घालायचात. एकदा शेजारच्या रद्दीवाल्याने कुणाच्या तरी बंगल्यातून निघालेला इंग्रजी अमदानीतला नकाशा आणून दिला. तुम्ही तो उजेडाकडे तिरका धरलात आणि डोंगरांच्या रेघांवरून हलकेच नख फिरवलंत. “हे आधी तांब्यात कोरलंय बघ,” म्हणालात, “आपल्यासारखाच कुणीतरी बसला असेल मान मोडून.” डोंगर सुरवंटांसारखे सरपटत होते, नदीच्या काठाला केसाएवढ्या रेघांची सावली होती. मला तर ते नुसतं सुंदर चित्र वाटलं. पण तुमचं बोट एका जागी थांबलं आणि आवाज चढला. “एवढे डोंगर काढले आणि त्र्यंबकच नाही? मग गंगा काय आभाळातून पडली?” गोदावरीला तुम्ही गंगाच म्हणायचात. त्या दिवसापासून तुम्हाला आपल्या जिल्ह्याच्या नकाशाचं वेड लागलं. लग्नाची भांडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला नावाआधी गावाचा ठावठिकाणा द्यावा लागे. एक म्हातारा वैतागून म्हणाला होता, “कळवणना पलीकडे शे भाऊ, डोंगरना पायथाले. आते नाव घाल ना!” तो गेला आणि नकाशासाठी घेतलेल्या तांब्याच्या पाटीवर तुम्ही लगेच त्याचं गाव ठोकलंत. चांदवडचा घाट, आईचं माहेर, त्र्यंबक तर सगळ्यात ठसठशीत.

पाटी पुरी झाली तो रविवार मला अजून दिसतो. पत्रिका छापणाऱ्याकडून शाई आणली आहे, कागद ओला केलाय, त्यावर घोंगडीचा तुकडा, आणि तुम्ही ओट्यापाशी आईचं लाटणं दोन्ही हातांनी दाबताय. आई म्हणतेय, “लाटण्याला शाई लागली तर आजच्या पोळ्या तुम्हीच लाटायच्या.” कागद उचलला आणि तिघंही त्यावर वाकलो. अक्षरं उलटी, त्र्यंबक पूर्वेला, चांदवड पश्चिमेला. जन्मभर भांड्यांवर सरळ नावं घातलेला तुमचा हात, छापायचं तर पाटी उलटी कोरावी लागते हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आई म्हणाली, “अगं बाई, गंगा मुंबईला निघाली की!” आम्ही दोघी खो खो हसलो. तुम्ही नाही हसलात. “नकाशा चुकला की माणूस चुकतो, हसण्यावारी नेऊ नका,” एवढंच बोललात आणि पाटी मोडीच्या भांड्यांत टाकलीत. आईने ती मुकाट्याने काढून धान्याच्या कोठीमागे ठेवली, कागदासकट. तुम्ही पुन्हा नावं घालायला बसलात, पण गिऱ्हाइकाला गाव विचारणं तेवढं बंद झालं. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

परवा आयोजकांकडच्या त्या मुलीने पाटी आणि कागद दोन्ही पाहिलं. “काकू, कॉम्प्युटरवर एका मिनिटात सरळ करून देते. कुणाला कळणारपण नाही.” मी क्षणभर भुलले, खोटं कशाला सांगू? लोक तुम्हाला हसतील ही धास्ती मलाही आहेच. पण मग तो कागद मांडीवर घेऊन बसले. लाटणं जिथे जोरात दाबलं गेलं तिथे रेघा जाड झाल्यात, कडेला तुमच्या अंगठ्याचा ठसा आहे. सरळ केला तर तो चारचौघांसारखा नकाशा होईल, आणि तुम्ही तो कुणाकडूनही न शिकता, नुसत्या ऐकीव वाटांवरून आणि हातच्या हुन्नरावर केलात हे कुणाला दिसणारच नाही. मला तुमचा अभिमान वाटतो अण्णा, उलट्या नकाशासकट. तेव्हा तिला सांगणार आहे, पाटी आणि कागद शेजारी शेजारी लावा, आहेत तसे. खाली तुमचं नाव घाला.

आणि परवानगीचं म्हणाल तर, ही चिठ्ठी तुमच्यापर्यंत पोचवायची सोय असती तरी मी पाठवली नसती. तुम्ही “नको” म्हणाला असतात, आणि तुमचा शब्द मोडायची हिंमत मला आजही नाही.