कुड्याच्या लेण्यात भरलेली ओटी

कुडे, बुधवार

चि. हिरामण, तुला, सूनबाईला आणि पोरांना आईचा आशीर्वाद.

आज सकाळी दारात चार अनोळखी माणसं आली, पहिली आली ती चष्मा लावलेली एक पोर, नलू. पाठीवर हे एवढं ओझं, आणि म्हणते, "आजी, पाणी द्याल?" मागून तिचे शाळेतले जुने मास्तर आणि दोघं सोबती. रेवसला बोटीतून उतरून मजल दरमजल चालत आलेत, लेणी बघायला. मास्तर सगळं समजावून सांगणार म्हटल्यावर मीही गेले डोंगरावर, नारळ-तांदूळ घेऊन.

दगडातले हत्ती काय सुरेख हायेत रे! पांडवांचीच लेणी ना ही, आत भिंतीवर कोरलेली द्रौपदी दिसली, तिची मी आपल्या कमळच्या सुखरूप बाळंतपणासाठी ओटी भरली. मास्तर म्हणाले, "आजी, ही देवी नाही, कुणा दानशूराची बायको असेल." मी म्हटलं, "नवरा शेजारीच उभा हाय. मंग सवाशीण ती, चालते की ओटी." मास्तरही हसले.

नलू नर्सिंग शिकते. खाली आल्यावर तिनं तुझ्या बहिणीच्या, कमळच्या पोटावर हात ठेवला. बाळ आडवं वाटतंय, बाळंतपण दवाखान्यातच करा, म्हणाली. काळजी करू नको. कमळ नीट जेवते. मलाच बसवत न्हाय, सारखी खाडीवर जाऊन बोट दिसते का बघते. जावई बोटीवर, घरी आम्ही दोघीच.

तुझ्या बापाचा खोकला कसा हाय? सुकट वाळली का?

चिठ्ठी नलूच मुरुडला टपालात टाकील.

तुमच्या आठवणीत,
तुझी आई सखुबाई

कोपऱ्यात जागा उरली म्हणून लिहिते. कमळला दवाखान्यात न्यायला नलू सोमवारी परत येते म्हणालीय. तू मचवा घेऊन रविवारीच ये.